काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा भारीट, फरक कसा ओळखायचा?

हे दोन्ही भारीट (इंग्रजीत bunting) म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे येणारे, चिमणीसारखे दाणे टिपणारे छोटे पक्षी. नर असेल तर काही टेन्शन नाही. डोकं काळं, पाठ विटकरी आणि खाली पिवळाधमक, तर काळ्या डोक्याचा. डोकं आणि छाती तांबूस, पाठ हिरवट आणि त्यावर गडद रेघा, तर लाल डोक्याचा. पण हे मार्चच्या आसपास, परत जायच्या आधी नीट दिसतं, हिवाळ्यात पिसांच्या कडा फिकट असतात त्यामुळे काळं डोकंही मळकटच वाटतं.

खरा घोळ माद्यांचा. दोघींच्या शेपटीत पांढरं नसतं, पोटावर रेघा नसतात. पाठ-कंबर तांबूस वाटली तर काळ्या डोक्याची, हिरवट-पिवळसर वाटली तर लाल डोक्याची म्हणायची, तेही उजेड चांगला असेल तरच, नाहीतर नोंदीत सरळ 'भारीट मादी' लिहून मोकळं व्हा, त्यात काही कमीपणा नाही.

आपल्याकडे ज्वारीच्या शेतात दोन्हींचे थवे येतात, कधीकधी मिक्सच. पहिला आग्नेय युरोप ते इराण या पट्ट्यातून, दुसरा कझाकस्तानकडून. आणि उत्तर इराणात दोघांची हद्द भिडते तिथे संकरही होतो, म्हणजे एखादा पक्षी धड इकडचा ना तिकडचा दिसू शकतो!