वडिलांच्या परवान्याचं रिव्हॉल्वर शहरात आपल्या नावावर करून घेताना

तुम्ही विचारलंय, "वडील जाऊन दोन महिने झाले, त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्वर कपाटात आहे. मी शहरात राहतो. ते माझ्या नावावर करायला काय करावं लागेल आणि किती दिवस लागतील?" नावावर करायचं नंतर बघू. आधी ते कपाटातून काढून रीतसर जमा करा. आज जमलं तर आजच.

परवाना माणसाचा असतो, हत्याराचा नसतो. घराच्या उताऱ्यावर वारसांची नावं लावायची राहिली तरी घर आपलंच राहतं, इथे तसं नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे शस्त्र बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. परवानाधारक वारला असेल तर ही जबाबदारी वारसांवर येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षं आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. जवळच्या माणसाचं शस्त्र घरात असलं की ते आपल्याला वस्तूसारखं वाटायला लागतं, म्हणून सांगतेय.

दोन महिने उलटले आहेत, तेव्हा शक्य असेल तर एखाद्या वकिलांना बरोबर घ्या. पोलीस ठाण्यात आधी फोन करून ठाणे अंमलदारांना कल्पना द्या. मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि घरातली सगळी काडतुसं एकत्र करा. रिव्हॉल्वर भरलेलं आहे की रिकामं हे तुम्हाला नक्की कळत नसेल तर हात लावू नका, फोनवर तसं स्पष्ट सांगा आणि जाणकार माणूस येऊ द्या. जमा केल्यावर पावती घ्या. त्या पावतीवर बोअर (म्हणजे नळीच्या व्यासाचं माप), शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, तारीख आणि शिक्का हे सगळं आहे ना, तिथेच उभं राहून वाचा. यातल्या क्रमांकाने आम्हाला चार महिने अडकवून ठेवलं, ते पुढे सांगते.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, तालुक्याच्या गावी पेट्रोल पंप होता. रोजची रोकड घेऊन संध्याकाळी एकट्याने घरी यायचं, म्हणून १९८८ साली त्यांनी परवाना काढला आणि .३२ बोअरचं रिव्हॉल्वर घेतलं. मार्च २०२२ मध्ये आप्पा गेले. दहाव्याच्या आधीच पंपावरच्या जुन्या मॅनेजरकाकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, साहेबांचं वेपन जमा केलंत का?" त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाचे उपकार आठवत नाहीत. पाचव्या दिवशी आम्ही ते विक्रेत्याकडे जमा केलं. दुकानात महिन्याला थोडे पैसे द्यावे लागतात, पण शस्त्राला तेलपाणी होतं. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ते पावसाळाभर पडून राहिलं असतं.

आता नावावर करण्याबद्दल. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याचं वय ७० झाल्यावर अथवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे राहिल्यावर त्याच्या हयातीतही, कायदेशीर वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो. मागता येतो म्हणजे मिळतोच असं नाही. तुमची तपासणी नव्या अर्जदाराइतकीच कसून होते. आणि आप्पांच्या हयातीत, त्यांची सही चालत होती तेव्हा हे केलं असतं तर निम्मे हेलपाटे वाचले असते. तुमच्या ओळखीत कुणाचे वडील सत्तरीपुढचे परवानाधारक असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

माझी खरी अडचण शहरामुळे झाली. आप्पांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाचा, कारण ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी हेच परवाना प्राधिकारी असतात. मी राहते ते शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, तिथे तो अधिकार आयुक्तांकडे. म्हणजे अर्ज इकडे आणि कागद तिकडे. परवाना खरा आहे का, वेळोवेळी नूतनीकरण झालं होतं का, याची विचारणा आयुक्तालयाने तिकडे पत्राने केली. १९८८ ची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात. ते पत्र तिकडे आवक झालं की नाही हेच कुणी सांगेना. शेवटी मी स्वतः गावी जाऊन जावक क्रमांक दाखवला, तेव्हा ते एका गठ्ठ्यात सापडलं. कुठल्याही कार्यालयात कागद दिला की आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही सवय मला तिथे लागली.

अर्ज शस्त्र परवान्यांच्या केंद्रीय पोर्टलवर भरायचा, फॉर्म ए-१, आणि त्याची प्रत कागदांसह परवाना शाखेत द्यायची. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, फोटो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र एवढं तर लागलंच. वारस म्हणून आधी माझ्याकडे न्यायालयाचा वारस दाखला मागितला गेला. आपल्याकडे तो १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून मिळतो आणि त्यात महिने जातात. मी लेखी विचारलं की हा दाखला नेमका कुठल्या नियमाखाली हवा आहे. त्यानंतर आई, बहीण आणि भावाचं नोटरी केलेलं ना-हरकत प्रतिज्ञापत्र चालेल असं ठरलं. तोंडी मागणी आली की नम्रपणे "हे लेखी द्याल का?" असं विचारा. भांडायचं नाही, पण विचारायचं जरूर.

भावाचं ना-हरकत दिलं तेव्हा टेबलापलीकडून प्रश्न आला, "भाऊ आहे ना मग? त्याच्या नावावर करा की." असा प्रश्न मला एकूण चार जणांनी विचारला. कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, वारस म्हणजे वारस. माझ्या भावाला शस्त्र नको होतं आणि त्याने तसं लिहून दिलं होतं. तुमच्या घरात एखाद्या बहिणीला हवं असेल तर कुणाच्या बोलण्यावरून तिचा अर्ज मागे घेऊ नका.

दोन प्रमाणपत्रं मात्र मनापासून करण्यासारखी आहेत. एक, फॉर्म एस-३ चं वैद्यकीय प्रमाणपत्र, ज्यात शरीराबरोबर मानसिक आरोग्यही तपासलं जातं. दुसरं, फॉर्म एस-१ चं शस्त्र सुरक्षा प्रशिक्षण. अनेक जण दोन्ही कागद ओळखीने उरकून घेतात. मी प्रशिक्षण पूर्ण केलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की आप्पांच्या रिव्हॉल्वरबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं सिनेमातलं होतं. उघडायचं कसं, रिकामं आहे याची खात्री दोनदा कशी करायची, बोट कुठे ठेवायचं, काडतुसं वेगळी कुठे ठेवायची. घरात मुलं असतील तर हे शिकल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मग तो क्रमांक. परवान्यावर हाताने लिहिलेला शेवटचा आकडा १ वाटत होता, शस्त्रावर कोरलेला ७ होता. विक्रेत्याने पावती शस्त्र बघून केली, अर्ज मी परवाना बघून भरला. दोन कागदांवर दोन क्रमांक म्हणजे दोन शस्त्रं, असा त्याचा अर्थ होतो. पोलीस मुख्यालयातल्या आर्मोररनी, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या जाणकारांनी, शस्त्र तपासून अहवाल दिला, जिल्ह्याकडून जुन्या खरेदीची नोंद आली, तेव्हा तिढा सुटला. चार महिने गेले, पण इथे मला कुणालाही दोष द्यावासा वाटत नाही. एका आकड्याच्या फरकाने दुसरंच शस्त्र कायदेशीर होऊन बसू शकतं, तेव्हा त्यांनी थांबवलं ते योग्यच केलं.

काडतुसांचा हिशेबही असाच. परवान्यावर खरेदीची नोंद २५ ची, आम्ही जमा केली १९. "सहा कुठे गेली, मॅडम?" गोपनीय शाखेचे हवालदार घरी जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांनी हे विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री आईने आप्पांच्या कपाटाच्या तळातून एक कापडी पिशवी काढली. आत सहा रिकाम्या पुंगळ्या आणि चिठ्ठी, "रेंजवर सराव, ६" आणि खाली तारीख, आप्पांच्या अक्षरात. जबाबाला ती चिठ्ठी जोडली. तुम्हीही वडिलांची बिलं, डायऱ्या, जुन्या पावत्या आवरण्याच्या नादात टाकून देऊ नका.

पोलीस ठाण्याच्या अहवालाला नियमात ३० दिवस आहेत. तो वेळेत आला नाही तर त्यासाठी न थांबता निर्णय घेण्याची मुभाही कायद्याने परवाना प्राधिकाऱ्याला दिली आहे. माझा अहवाल सहा महिन्यांनी निघाला. कधी सणाचा बंदोबस्त, कधी साहेबांची बदली, कधी फाईल परिमंडळाच्या उपायुक्तांकडे. पाचव्या महिन्यात मी १० रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारला: माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आणि किती तारखेपासून आहे? त्यानंतर फाईल हलली.

याच काळात कार्यालयाबाहेरच्या एका एजंटने मला मार्ग सुचवला. "धमकीचा फोन आला म्हणून एक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवून टाका, मग तुमची गरज सिद्ध होते." दहा महिने हेलपाटे घातलेल्या माणसाला हे ऐकून मोह होतो. मी तसं केलं नाही, तुम्हीही करू नका. ती तक्रार खोटी असते, आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणाला तुमच्या फाईलमध्ये बसलेली असते. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना रद्द करण्याचं ते थेट कारण आहे.

उपायुक्तांसमोर मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, "तुम्ही कॉलेजात शिकवता, शहरात राहता, पंप आता भाऊ बघतो. तुम्हाला याची गरज काय?" मी म्हटलं, "सर, मला धोका आहे असं मी म्हणणार नाही. हे माझ्या वडिलांचं आहे. मी ते जपेन, त्याचं प्रशिक्षण घेतलंय, आणि घरात कुलूपबंद ठेवायची सोय केली आहे." त्यांनी तिजोरीचा फोटो पाहिला, ती भिंतीत पक्की केली आहे का तेवढं विचारलं. ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना हातात आला, अर्ज केल्यापासून चौदा महिन्यांनी. आता परवाना ५ वर्षांचा असतो, पूर्वी ३ वर्षांचा असायचा.

नकार मिळाला तर खचू नका. कलम १४ प्रमाणे नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती मागून घ्या आणि कलम १८ खाली मुदतीत अपील करा. तुमच्याकडे स्थावर मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. गावाकडच्या लोकांशी मात्र आपली तुलना करू नका. माझ्या मावसभावाकडे कोकणात वानर-डुकरांपासून शेती राखायला ठासणीची बंदूक आहे. तो परवाना शेतीसंरक्षणाचा, त्याची कारणं वेगळी आणि विचारही वेगळा.

परवाना मिळाला म्हणजे फेऱ्या संपल्या असंही नाही. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी पुन्हा. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा न करता छाननी समितीने एकेकाचा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे, त्यामुळे अर्ज करून सूट मागता येते. मी मागितली नाही. मला घरात त्याचं काम नव्हतं, निवडणुकीत ते पोलिसांकडे असलेलं बरं.

आता तुम्ही न विचारलेलं एक विचारते. तुम्हाला ते खरंच हवंय का? वर्षभर फेऱ्या, दर वेळी जमा करणं, नूतनीकरणाच्या तारखा, आणि घरात कायमची एक काळजी. नको असेल तर जमा असतानाच परवानगी घेऊन विक्रेत्यामार्फत दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, किंवा सरकारजमा करता येतं. माझ्या आत्याने काकांचं विकलं, तीन महिन्यांत मोकळी झाली, आणि त्यात वडीलधाऱ्यांचा अपमान वगैरे काही नाही. ठरवायला वेळ घ्या, पण जमा करून मग घ्या. ठरावीक मुदतीत परत घेतलं नाही किंवा विल्हेवाट लावली नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं, म्हणून पावती मिळाली की मुदत किती ते तिथेच विचारून पावतीच्या मागे लिहून ठेवा.