क्योतोला जाण्याआधी बोरिवलीला जा

प्रिय,

तुझी यादी वाचली. चार दिवसांत जपानच्या क्योतोतली 19 मंदिरं! चारधामच्या बसवाल्यालाही धाप लागेल. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. रात्री फोटो बघताना कुठलं छप्पर कुठल्या मंदिराचं, काही केल्या लागेना.

किंकाकुजी बघ, सगळेच बघतात. 1950 मध्ये एका तरुण भिक्षूने ते जाळलं आणि आजची सोनेरी इमारत 1955 ची आहे, एवढं ध्यानात असू दे. अर्धा तास पुरे.

खरा वेळ सान्जुसान्गेन्दोला दे. सुमारे 120 मीटर लांब लाकडी सभामंडप, त्यात कान्नोनच्या 1001 मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. मधली मूर्ती बसलेली, दोन्ही अंगांना 500-500 उभ्या. 1249 च्या आगीतून जुन्यापैकी 124 च वाचल्या, बाकीच्या नंतर घडवल्या. हजार हात म्हणतात, पण मोजलेस तर 42 भरतील. दोन जोडलेले, उरलेल्या 40 पैकी प्रत्येक हात 25 विश्वं तारतो, असा तो हिशेब. मला हा हिशेब फार आवडतो.

मूर्तींच्या रांगांपुढे 28 रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांत करुरा शोध, म्हणजे आपला गरुड. चोच, पंख आणि ओठांशी बासरी. विष्णूचं वाहन बासरी वाजवतंय म्हटल्यावर मी तिथेच हसलो होतो. (नंतर ओशाळलो, तिथे लोक हात जोडून उभे असतात.) आत फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे. बूटही बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोजे धड घाल.

दुसऱ्या दिवशी तोजी मंदिर. व्याख्यानगृहात हत्तीवर बसलेला इंद्र आणि हंसांवरचा ब्रह्मदेव भेटतील. ही जागा 823 मध्ये कूकाई या भिक्षूच्या हाती आली. तो चीनमधून मंत्रयान, म्हणजे मंत्र-विधींचा बौद्ध पंथ, शिकून आलेला. आपल्या होमाला तिथे ‘गोमा’ म्हणतात. बाहेरचा पाच मजली पॅगोडा जवळजवळ 55 मीटर उंच आहे. आधीचे चार जळाले, हा 1644 चा.

बाकीची सोळा मंदिरं खोडून टाक. उरलेल्या वेळात एखाद्या आवारात नुसतं बसून राहा.

आणि निघण्याआधी एक काम कर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. सान्जुसान्गेन्दोतला कान्नोनही अकरामुखीच. आधी हा बघ, मग तो. सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा वार बघून नीघ.

तुझे,
सर