सतत थकवा, वजन वाढलंय, लैंगिक इच्छा कमी झालीय. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी असेल की थायरॉइड?

दोन्ही असू शकतं, म्हणून आधी टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉइडच्या रक्ततपासण्या करा. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा असेल तर माझा संशय थायरॉइडवर. पहाटेची ताठरता गेली, दाढी विरळ झाली तर टेस्टोस्टेरॉनवर. थायरॉइड मंदावला की टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन, एसएचबीजी, घटतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं. थायरॉइडच्या गोळीनंतर ते बऱ्याचदा आपोआप सुधारतं. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी द्या. कमी आलं तर वेगळ्या एखाद्या दिवशी पुन्हा. एका रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात सुरू करू नका. त्याने शुक्राणू घटतात. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका.