फिलिपिन्समधल्या झांबोआंगाला पहिल्यांदा जाताय?

तिकीट काढण्याआधी ताज्या सुरक्षासूचना नक्की वाचा, यात आळस नको. पोहोचलात की सकाळी लवकर सट्टी खा: काडीवर भाजलेलं मांस, सोबत भाताच्या वड्या आणि वर दाट, तिखट रस्सा. पदार्थ मुसलमान तौसुग लोकांचा, पण टेबलाशी सगळेच दिसतात. मग १६३५ साली बांधायला घेतलेला फोर्ट पिलार. बाहेरच्या भिंतीलगत उघडी वेदी आहे, तिथे मेणबत्त्या जळत असतात. जरा शांत बसा. कानावर चावाकानो पडेल, स्पॅनिशमधून घडलेली इथली बोली. ‘बुएनोस दियास’ म्हणा, बोलणं सुरू होतं.

याकान जमातीच्या विणकरांचं कापड मागावर बघून मगच घ्या, आणि फार घासाघीस करू नका. सांताक्रूझ बेटाची गुलाबी वाळू लाल प्रवाळाच्या चुऱ्याची आहे. मूठभरसुद्धा उचलू नका.