पहिल्या बाळाचा दोष

‘मॅडम, आमचं रक्त जुळत नाही म्हणे.’

बायकोचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असला की हे वाक्य ठरलेलं. कुणी लग्न ठरवतानाच विचारायला येतं, कुणी दिवस गेल्यावर. डॉक्टरांनी सगळं समजावलेलं असतं, तरी भीती जागची हलत नाही. इतकी वर्षं हे ऐकल्यावर माझी खात्री झाली आहे की या भीतीच्या तळाशी बहुतेक वेळा घरात कधीतरी सांगितलेली एखादी गोष्ट सापडते. रक्तासारख्याच गोष्टीही पिढ्यांतून उतरतात. म्हणून समुपदेशक असूनही मी माहिती नंतर देते. आधी विचारते, ‘हे तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं?’

ती आली तेव्हा पाचवा महिना होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिलंच बाळंतपण. ती ओ निगेटिव्ह, नवरा बी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी २८व्या आठवड्यात अँटी-डीचं (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ न देणारं) इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं आणि तिनं साफ नकार दिला होता.

‘ते दुसऱ्या बाळासाठी असतं ना? मला दुसरं नकोच आहे. मग कशाला?’

यावर माझ्याकडे उत्तर तयार असतं. दुसरं नको म्हणणाऱ्यांचं मन बदलतं, कधी न ठरवता दिवस जातात, आणि तेव्हा वेळ गेलेली असते. पण त्या दिवशी मी ते दिलं नाही. ‘नकोच’ म्हणताना तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले होते, कुणी हिसकावून घेईल असे.

पहिली भेट नवऱ्याच्या प्रश्नांतच गेली. बाळाचा गट काय येईल, हे त्याला हवं होतं. आरएच म्हणजे लाल पेशींवरचं डी नावाचं एक प्रथिन. ते असलं तर पॉझिटिव्ह, नसलं तर निगेटिव्ह. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन वाटे मिळतात. एका वाट्यात जरी डी असला तरी माणूस पॉझिटिव्ह होतो. दोन्ही रिकामे असतील तरच निगेटिव्ह. त्याची आई निगेटिव्ह होती, म्हणजे तिच्याकडून त्याला रिकामाच वाटा आलेला. तेव्हा बाळ पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह होण्याची शक्यता निम्मी-निम्मी. (आईबाप दोघंही पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह मूल होऊ शकतं, तेही याच हिशेबानं. त्यावरून बायकोवर संशय घेणारे नवरे मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते.)

पुढच्या वेळी मी तिला एकटीला बोलावलं. रिपोर्टच्या पाकिटामागे पेन्सिलीनं दोन बाळं काढली आणि सांगू लागले. गरोदरपणात आई आणि बाळाचं रक्त सहसा एकमेकांत मिसळत नाही. पण बाळंत होताना, आणि क्वचित त्याआधीही, पॉझिटिव्ह बाळाच्या थोड्या पेशी निगेटिव्ह आईच्या रक्तात जातात. तिच्या शरीराला त्या परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. याला वेळ लागतो, तोवर पहिलं बाळ सुखरूप जन्मलेलं असतं. पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्या अँटीबॉडी वारेतून त्याच्याकडे जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. सांगता सांगता मी पहिल्या बाळापासून दुसऱ्याकडे एक बाण काढला.

ती बाणाकडे बघत राहिली. ‘म्हणजे खरंच पहिल्यामुळेच.’

मग सगळं बाहेर आलं. ती घरात थोरली. तिच्या पाठीवर एक भाऊ. नंतरची बहीण पहिल्याच दिवशी पिवळीजर्द झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतरचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. आजी म्हणायची, ‘थोरलीनं येतानाच आईची कूस नासवली.’ मोठेपणी तिनं आरएचबद्दल थोडंफार वाचलं, आणि आजी म्हणाली ते शास्त्रानंही खरं ठरवलं, असं तिच्या मनानं घेतलं.

‘माझ्या बाळाच्या माथी हे यायला नको, मॅडम. म्हणून एकच.’

मी विचारलं, ‘आईचा गट माहीत आहे?’

‘ए निगेटिव्ह. ऑपरेशनच्या वेळी कळला.’

‘आणि तुमचा?’

‘ओ निगेटिव्ह.’

‘परत सांगा.’

‘ओ नि—’ ती थांबली.

‘अगं, तुझ्या पेशींवर ते प्रथिनच नाही.’ माझं ‘तुम्ही’ कधी सुटलं, मला कळलंही नाही. ‘तुझ्या रक्तानं आईच्या शरीराला डीची ओळख होणं शक्यच नव्हतं. ती तू नव्हतीस.’

बराच वेळ ती बोलली नाही. पाकीट हातात घेऊन पहिल्या बाळावर बोट फिरवत राहिली. मग एकदम चेहरा पडला. ‘म्हणजे धाकटा?’

एकाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला मी बसले नव्हते. मी म्हटलं, ‘वडिलांकडून कुठला वाटा यावा हे त्यानं ठरवलं का? बाळंतपण घरी झालं, आईचा रक्तगट कुणी पाहिला नाही, इंजेक्शन कुणी दिलं नाही.’

तिनं माझी पेन्सिल घेतली, बाळापासून निघणारा बाण खोडला आणि शेजारी मी लिहिलेल्या ‘७२ तास’ या शब्दांपासून नवा काढला. इतकी वर्षं मी तो बाण चुकीच्या जागेवरून काढत आले होते. त्या दिवसापासून मी तो तिच्यासारखाच काढते.

ते ७२ तास निगेटिव्ह बाईनं आणि तिच्या घरच्यांनी पाठ करावेत. बाळ जन्मलं की नाळेतल्या रक्तावरून त्याचा गट तपासतात. पॉझिटिव्ह आला तर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी द्यायचं. निगेटिव्ह आला तर गरज नाही. वेळ चुकली म्हणून सोडून देऊ नका, दहा दिवसांपर्यंतही काही उपयोग होऊ शकतो. गर्भपात झाला, केला, गर्भ नळीत राहिला, गरोदरपणात रक्त गेलं, पोटाला मार लागला, पोटातलं पाणी तपासायला काढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना आपला गट सांगा. आधीचा गर्भपात सासरी माहीत नसेल तर डॉक्टरांना एकटं भेटून सांगा, पण सांगाच. आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का हे पाहणारी आयसीटी ही तपासणी चुकवू नका. अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर हे इंजेक्शन त्या पुसू शकत नाही. मग बाळावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, आणि गरज पडली तर पोटातच त्याला रक्त देता येतं.

इंजेक्शन नसेल तर पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर निगेटिव्ह जणींपैकी सोळाएक जणींमध्ये अँटीबॉडी तयार होतात. २८व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर, अशी दोन्ही इंजेक्शनं मिळाली तर हजारात एक-दोघींमध्ये. हे इंजेक्शन बनतं माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ द्रवापासून). ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा रक्त आणि प्लाझ्मा दिला, त्यातला बराचसा या इंजेक्शनसाठी. ‘बाळाला बाधेल का?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी त्यांच्याबद्दल सांगते, आणि ते बाळाला बाधत नाही हेही.

तिसऱ्या वेळी ती आईला घेऊन आली. मी पाकीट पुढे ठेवून सगळं परत सांगितलं. आईंनी एकच विचारलं, ‘माझ्या वेळी हे इंजेक्शन होतं?’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘होतं, काकू. १९६८ पासून आहे. तुमच्यापर्यंत कुणी आणलं नाही.’

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं लेकीकडे वळून म्हणाल्या, ‘तुला बोलायच्या तेव्हा मी गप्प बसले गं. मलाही तेच वाटायचं.’ दोघी रडल्या. मी उठून खिडकी उघडली. अशा वेळी समुपदेशकानं एवढंच करायचं असतं.

२८व्या आठवड्यातलं इंजेक्शन तिनं घेतलं. बाळंत झाल्यावर तिचा फोन आला. मुलगी झाली होती, गट बी पॉझिटिव्ह. दुसरं इंजेक्शन तिसाव्या तासाला घेतलं म्हणाली, आणि सिस्टरना वेळेची आठवण तिच्या आईनं केली होती.