सोसायटीच्या वाचनालयात लहान मुलांसाठी वाचनाचा दिवस करायचा आहे. मुलं खरंच रमतील असं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या तुमच्या सोसायटीत एका रविवारी 3 ते 8 वर्षांच्या मुलांना आईवडिलांसह बोलवायचंय, पन्नासेक मुलं येतील, आणि बेत आहे पाहुण्यांचं भाषण, कथाकथन स्पर्धा, मग बक्षिसं. मी पूर्व भागात राहते. आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयात रविवारी मदतीला जाते. असा दिवस आम्ही तीनदा केलाय आणि पहिल्या खेपेला आमचा बेत हुबेहूब तुमच्यासारखा होता. म्हणून आधी तेच सांगते.

पाहुणे पाऊण तास उशिरा आले. तोवर मुलं रांगेत बसून कंटाळली. स्पर्धेत सात वर्षांची एक मुलगी माइकपुढे उभी राहिली, घरी घोकून आलेली गोष्ट मध्येच विसरली आणि रडत आईकडे पळाली. त्यानंतर वर्षभर ती वाचनालयाची पायरी चढली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. सगळं आवरल्यावर लक्षात आलं की दिवसभरात एकाही पोराने पुस्तक उघडलेलं नाही. पुस्तकं कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं.

तेव्हा माझी कळकळीची विनंती, स्पर्धा काढून टाका. पाहुणे बोलवायचेच असतील तर त्यांना खाली सतरंजीवर बसवा आणि चार मुलांना जवळ घेऊन एक गोष्ट वाचून दाखवायला सांगा.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच नियम केला: प्रत्येक मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस बसेल, मागे खुर्चीत नाही, शेजारी, खाली. आई, बाबा, आजोबा, मावशी, कुणीही. खोलीभर सोलापुरी चादरी अंथरल्या, भिंतीला दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली लटकवली. त्याआधी दोन संध्याकाळी बसून पुस्तकांची खाकी कव्हरं काढली. आपण पुस्तक टिकावं म्हणून कव्हर घालतो, पण चार वर्षांचं पोर चित्र बघून पुस्तक उचलतं. खाकी कागदातलं पुस्तक त्याच्यासाठी नसल्यासारखंच.

आता भाषेबद्दल, कारण सोलापुरात हे टाळून चालत नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू आणि शाळेत मराठी. माझ्याही घरी तेलुगूच. पूर्वी आम्ही फक्त मराठी पुस्तकं ठेवायचो, त्यामुळे मराठी वाचता न येणारी आई दारातूनच मुलाला सोडून जायची. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ 2015पासून चालू आहे. तिथे मुलांच्या गोष्टी चित्रांसकट मोफत मिळतात, सोप्या ते अवघड अशा चार पातळ्यांत. त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे. एकच गोष्ट अनेकदा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सगळ्या भाषांत सापडते. आम्ही अशा सहा गोष्टी रंगीत छापून शिवून घेतल्या आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत चार भाषा ठेवल्या. एकाच हत्तीची गोष्ट चारही कोपऱ्यांत चालू होती. मुलं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होती, कारण पुढच्या पानावर काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि ते ओरडून सांगायची त्यांना घाई होती.

त्या दिवशी एका मुलाबरोबर त्याची अव्वा, म्हणजे आजी, आली होती. आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, अक्षरओळख नाही. ती दाराशीच थांबली, “मला कुठं वाचता येतं?” म्हणाली. मी तिला चित्रांचं पुस्तक दिलं आणि म्हटलं, चित्र बघून तुमच्या मनाने सांगा. तिने तेलुगूत सुरुवात केली. पुस्तकात हत्ती नदीवर जातो. तिच्या गोष्टीत तो सिद्धेश्वर तलावावर गेला, तिथून गड्ड्याच्या जत्रेत, आणि पाळण्यात मावेना म्हणून रुसला. नातवाबरोबर आणखी सात-आठ पोरं तिच्याभोवती गोळा झाली. ज्यांना तेलुगू येत नव्हतं तीसुद्धा.

आईबाबांना सुरुवातीला दहा मिनिटं समजावून सांगा, तेवढं बास. पूर्ण वाचायलाच हवं असं नाही. पान उलटायचं काम मुलाचं. मध्ये थांबून “आता काय होईल?” विचारायचं आणि उत्तर चूक आलं तरी चूक म्हणायचं नाही. तेच पुस्तक पाचव्यांदा मागितलं तर पाचव्यांदा वाचायचं. पाठ झालेल्या वाक्यावर बोट ठेवतच कित्येक मुलांना अक्षरं उमजतात. आणि कृपा करून “हे अक्षर कुठलं सांग बघू” अशी परीक्षा त्या दिवशी तरी नको. बाबांना खास निरोप द्या. यंत्रमागावर काम करणाऱ्यांना ज्या वारी सुट्टी असते तो वार आम्ही मुद्दाम निवडला, तेव्हा कुठे ते आले.

एका जागी बसून पंधरा मिनिटांच्या वर काही ठेवू नका, मध्ये उठून नाचायला मिळालं पाहिजे. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट आम्ही करून दाखवतो. मंडईतून खरा लाल भोपळा आणतो, मुलं तो खोलीभर ढकलत नेतात. दुसऱ्या दिवशी त्याच भोपळ्याची भाजी होते.

तारखेचं म्हणाल तर 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो, पण शाळांत कार्यक्रम असतात, त्यामुळे त्याच्या पुढचा-मागचा रविवार धरा. एप्रिल-मे नकोच. करायचंच तर सकाळी आठला सुरू करून साडेदहाला संपवा, आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे. आणि तुमच्याकडे नळाला पाणी कधी येणार ते आधी बघा. आमचा तिसरा कार्यक्रम पाण्याच्या दिवशी आला आणि निम्म्या आया हंडे-बादल्या भरत घरीच राहिल्या. खाऊ शेवटी द्या, हात धुवायला लावून. शेंगाचटणीचं तेल पानावरून निघत नाही.

आठ वर्षांच्या आसपासच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलांना ही बाळबोध पुस्तकं पुरत नाहीत. त्यांच्यासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे अंक ठेवा. हे मासिक 1971पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत.

शेवटची गोष्ट, आणि ही मात्र वगळू नका. जाताना प्रत्येक मुलाला एक पुस्तक घरी न्यायला द्या. अनामत नाही, फी नाही. वहीत नाव मुलानेच लिहायचं, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. आमच्या वहीत एक मासा आणि दोन रिक्षा आहेत. पुढच्या रविवारी त्याच वेळी वाचनालय उघडं ठेवा, कारण पुस्तक परत करायला आलेलं मूल दुसरं घेऊन जातं. दुसऱ्या वर्षी आम्ही 34 पुस्तकं दिली, महिनाभरात 29 परत आली. उरलेल्या पाचांतलं एक कुठे आहे ते मला माहीत आहे. त्या अव्वाच्या उशाशी आहे, हत्तीचं. मी ते मागितलेलं नाही.