प्लाटीया हे ग्रीक गाव नेमकं कुठे होतं, आणि एवढंसं गाव इतिहासात इतक्या वेळा का येतं?

आधी जागा बघू, कारण या गावाचं सगळं बरंवाईट जागेमुळेच झालं. अथेन्सच्या वायव्येला किथेरॉन नावाचा डोंगर आहे. त्याच्या अलीकडे अथेन्सचा मुलूख, पलीकडे बिओशियाचं मैदान. प्लाटीया होतं पलीकडच्या पायथ्याशी. बिओशियातलं दांडगं शहर थीब्ज तिथून जेमतेम 13 किलोमीटर. थोडक्यात, दोस्त डोंगरापल्याड आणि वैरी दारात.

थीब्जला सगळा बिओशिया आपल्या मुठीत हवा होता आणि प्लाटीयाकर काही केल्या ऐकेनात. इ.स.पू. 519 च्या सुमारास ते मदत मागायला दक्षिण ग्रीसमधल्या बलाढ्य स्पार्टाकडे गेले. स्पार्टन म्हणाले, आम्ही फार लांब पडतो, तुम्ही अथेन्सकडे जा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस सांगतो की हा सल्ला प्लाटीयाच्या कळवळ्याने दिलेला नव्हता, अथेन्स आणि बिओशियाची आपसात जुंपावी हा त्यातला डाव होता. डाव साधलाही. पण प्लाटीयाकरांनी ही दोस्ती मनापासून निभावली. 490 साली मॅरेथॉनच्या मैदानात पर्शियनांसमोर अथेन्सच्या जोडीला उभे राहिले ते फक्त हेच. त्याची किंमत म्हणून 480 मध्ये पर्शियनांनी गाव जाळलं. पुढच्याच वर्षी गावाजवळच्या मोठ्या लढाईत पर्शियन सेनापती मार्डोनियस मारला गेला आणि ग्रीसवरचं संकट टळलं. विजयानंतर स्पार्टन सेनापती पॉसेनियसने गावच्या चौकात झ्यूस देवाला बळी देऊन जाहीर केलं, की हे गाव स्वतंत्र राहील, कोणी त्याच्यावर अन्यायाने चाल करायची नाही.

पन्नास वर्षांनी चाल करून आले ते स्पार्टनच!

त्याची सुरुवात 431 च्या एका पावसाळी रात्री झाली. तीनशेच्या वर थीब्जकर फितुरांच्या मदतीने गावात घुसले. रस्त्यावर कोणी दिसू नये म्हणून गावकऱ्यांनी घराघरांमधल्या भिंती आतून फोडल्या, त्यातूनच एकत्र जमले, बैल सोडलेल्या गाड्या गल्ल्यांत आडव्या लावल्या आणि उजाडायच्या आत हल्ला चढवला. छपरांवरून बाया आणि गुलाम दगड-कौलं फेकत होते. हाती लागलेल्या 180 जणांना नंतर ठार केलं. तेव्हा प्लाटीयाकर धुतल्या तांदळासारखे होते असं समजू नका.

तोवर अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात मोठं युद्ध पेटलं होतं, आणि थीब्ज होतं स्पार्टाच्या बाजूला. 429 मध्ये स्पार्टनांनी गावाला वेढा घातला. आत 480 पुरुष आणि रांधायला 110 बायका. स्पार्टनांनी तटाला लागून मातीचा उंचवटा रचायला घेतला, तर यांनी खालून भुयार खणून त्या उंचवट्यातली माती आत ओढायला सुरुवात केली. शेवटी स्पार्टनांनी गावाभोवती दुहेरी भिंतच घातली. मला सगळ्यात आवडतो तो यानंतरचा भाग. शिडी किती उंच लागेल हे ठरवायला आतल्या लोकांनी त्या भिंतीचा गिलावा नसलेला भाग हेरला आणि विटांचे थर मोजले. एकाच वेळी अनेकांनी, पुन्हा पुन्हा. एखादा चुकला तरी बहुतेकांचा आकडा बरोबर येईल म्हणून. मग हिवाळ्यातल्या एका वादळी रात्री, चिखलात पाय घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात जोडा घालून ते बाहेर पडले आणि आधी थीब्जच्याच रस्त्याला लागले. शत्रू मशाली घेऊन अथेन्सच्या वाटेवर शोधत बसला. 212 जण अथेन्सला पोचले.

मागे राहिलेले 427 मध्ये उपासमारीने शरण आले. स्पार्टन न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच प्रश्न केला: या युद्धात तुम्ही स्पार्टाचं किंवा आमच्या दोस्तांचं काही भलं केलंत का? ‘हो’ म्हणणार कोण? निदान 200 प्लाटीयाकर आणि 25 अथेन्सकर मारले गेले, बायका गुलाम झाल्या आणि पुढे गाव पाडून टाकलं. वेढ्याचं हे सगळं त्याच काळातल्या थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय, म्हणून तर एवढं बारीकसारीक कळतं.

पुढे गाव 386 च्या सुमारास पुन्हा वसलं, थीब्जने ते पुन्हा उठवलं, आणि 338 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने थीब्जला हरवल्यावर लोक परत आले. रोमन काळातही तिथे वस्ती होती.

आज तिथे प्लातेएस नावाचं खेडं आहे (जुनं नाव कोक्ला) आणि शेजारी तटाचे अवशेष. इस्तंबूलला जाणार असाल तर हिप्पोड्रोमच्या (जुन्या रथशर्यतीच्या मैदानाच्या) चौकातला ब्राँझचा सर्पस्तंभ नक्की बघा. पर्शियनांच्या लुटीतून घडवून तो आधी डेल्फी या ग्रीक तीर्थस्थानी उभारला होता. त्याच्या वेटोळ्यांवर पर्शियनांशी लढलेल्या 31 गावांची नावं कोरलेली आहेत, त्यात प्लाटीयाचंही आहे.